भाग १७ : दगड फोडणारं माकड आणि दगड घडवणारा माणूस

आजचा भाग म्हणजे माझ्याच एका चुकीची दुरुस्ती आहे. मागे अश्मयुगावर बोलताना मी बिनधास्त ठोकून दिलं होतं, की दगडाचा धारदार छिलका सापडला म्हणजे तो काढणाऱ्याच्या डोक्यात काहीतरी योजना होती. त्यावर एका श्रोत्याने एकच ओळ लिहून पाठवली, "मग ब्राझीलच्या माकडांचं काय करायचं?"

मला ही माकडं माहीतच नव्हती. वाचायला बसलो आणि माझं वाक्य आडवं झालं.

ब्राझीलमध्ये सेरा दा कापिवारा नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. तिथली कॅपुचिन माकडं हातात दगड घेऊन दुसऱ्या दगडावर दणादण आपटतात. त्यातून छिलके उडतात, आणि ते अगदी आदिमानवाच्या छिलक्यांसारखे दिसतात. एका बाजूला तसाच फुगवटा, कडेला तशीच धार. २०१६ साली 'नेचर'मध्ये यावर निबंध आला. गंमत अशी, की त्या छिलक्याने काही कापताना एकही माकड दिसलं नाही. ती आपटलेला दगड हुंगतात, चाटतात आणि मोकळी होतात. म्हणजे धार आली, पण ती कुणाला हवीच नव्हती.

मग प्रश्न पडतो, की लाखो वर्षांपूर्वीच्या दगडावरून माणसाच्या वागण्याबद्दल आपण जे बोलतो, त्याला आधार काय? एकटा छिलका साक्षीदार म्हणून कच्चा आहे, हे मी आता मान्य करतो. पण सगळे छिलके जागच्या जागी सापडले तर?

असं एक ठिकाण आहे. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ, वेस्ट ससेक्समधलं बॉक्सग्रोव्ह. साधारण ४,८०,००० वर्षांपूर्वी इथे खडूच्या कड्याखाली भरती-ओहोटीची सपाट जमीन होती. काही जणांनी तिथे एक मोठी घोडी कापली. वर हळूहळू बारीक गाळ बसत गेला, इतका हळुवार की नखाएवढे छिलकेसुद्धा पडले तिथेच राहिले. १९८० आणि ९० च्या दशकांत मार्क रॉबर्ट्स यांच्या चमूने हे उकरून काढलं. फ्लिंटचे दोन हजारांहून जास्त तुकडे मिळाले, वेगवेगळ्या आठ ढिगांमध्ये.

हे ढीग म्हणजे दगड घडवणाऱ्यांच्या बैठका. माणूस गुडघे टेकून बसला आणि कचरा त्याच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये पडत गेला. आपल्याकडे पाट्याला टाकी लावणारे यायचे, आठवतं? माणूस निघून गेला तरी अंगणात तो कुठे बसला होता ते कपच्यांवरून कळायचं. तसंच हे. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात, पण इथे देवाला बाजूला ठेवून कपच्या गोळा करायच्या आहेत.

संशोधकांनी पुढे काय केलं, तर हे तुकडे एकमेकांना जोडायला घेतले. जिगसॉ पझलच, फक्त डब्यावर चित्र नाही आणि सगळे तुकडे एकाच रंगाचे. यात वर्षं गेली. पण तुकडा तुकड्याला बसला की आधी कुठला निघाला आणि नंतर कुठला, हे कळतं. आमच्या धंद्यात फायनल कोड बघून तो लिहिणारा कसा विचार करत होता ते फारसं समजत नाही; कमिट हिस्ट्री उघडली की सगळं दिसतं. कुठे फसला, कुठे आधी जागा साफ करून मग मोठा बदल केला. हातकुऱ्हाड म्हणजे फायनल कोड. छिलके म्हणजे हिस्ट्री.

बॉक्सग्रोव्हच्या हिस्ट्रीत दिसतं ते असं : दगडाच्या वरची साल आधी मोठ्या घावांनी काढली, मग आकार दिला, मग पातळ छिलके काढून धार आणली. पुढच्या घावासाठी कड नीट करून घेणारे बारीक घावसुद्धा आहेत. पुढचं दिसत असल्याशिवाय कुणी हे करत नाही. माकडाच्या आपटण्यात हा क्रम नसतो.

आणि सगळ्यात भारी गोष्ट, एका ढिगातले छिलके जोडत गेल्यावर मधोमध पोकळी उरली. हातकुऱ्हाडीच्या आकाराची! साचा आहे, मूर्ती नाही. कुऱ्हाड घडवणारा ती सोबत घेऊन गेला. म्हणजे काम झालं म्हणून त्याने ती फेकून दिली नाही, पुढेही लागेल हे त्याला ठाऊक होतं. मला तरी यापेक्षा ठोस पुरावा सुचत नाही. आणि तो सापडलेल्या नव्हे, न सापडलेल्या वस्तूचा आहे.

'मग ते बोलत असतील का?' अशी उडी इथे बरेच जण मारतात. मी नाही मारणार, मागच्या वेळी मारून पाहिली. पण आठ बैठका आणि एक घोडी, एवढ्यावरून हे एकट्यादुकट्याचं काम नव्हतं इतकं मात्र म्हणतो. तिची हाडं फोडून आतला मगजसुद्धा काढलेला आहे. काहीच वाया घालवलेलं नाही. तिच्याच काही हाडांवर दगडाची धार ठाकठीक केल्याच्या खुणा आहेत. म्हणजे जिला कापत होते, तिच्याच हाडाने हत्यार दुरुस्त करत होते.

तर त्या श्रोत्याचे आभार. पुढच्या भागात कॅपुचिन माकडांकडेच जाऊ, कारण ती दगड का चाटतात यावरून मला भरपूर बोलायचंय.