खुब्याच्या बर्सायटिसवरील आघात तरंग उपचार

खुब्याच्या बाहेरील बाजूच्या जुनाट दुखण्यावर शरीराबाहेरून यांत्रिक दाबलहरी सोडून केल्या जाणाऱ्या उपचारास आघात तरंग उपचार किंवा शॉकवेव्ह थेरपी असे म्हणतात. 'शॉक' या शब्दामुळे विजेच्या धक्क्याची आठवण होते. प्रत्यक्षात या उपचारात रुग्णाच्या शरीरातून वीज सोडली जात नाही.

== दुखण्याचे स्वरूप ==
मांडीच्या हाडाच्या वरच्या भागात बाहेरून हाताला लागणारा उंचवटा असतो. त्याच्यावर बर्सा ही द्रवयुक्त पातळ पिशवी असून ती हाड व कंडरा यांमधील घर्षण कमी करते. पूर्वी सारा दोष या पिशवीच्या दाहास दिला जाई. एमआरआय व सोनोग्राफी तपासण्यांतून मात्र पुष्कळ रुग्णांत मूळ विकार नितंबाच्या ग्लुटियस मीडियस व ग्लुटियस मिनिमस या स्नायूंच्या कंडरांत असल्याचे आढळले. त्यामुळे आता 'ग्रेटर ट्रोकँटरिक पेन सिंड्रोम' हे व्यापक नाव वापरतात. चाळिशी ते साठीच्या स्त्रियांत हा विकार अधिक दिसतो. दुखऱ्या कुशीवर झोपणे व जिना चढणे त्रासदायक होते. वेदना मांडीच्या बाहेरच्या बाजूने खाली उतरत असल्याने ती अनेकदा सायटिका समजली जाते.

== उपचारपद्धती ==
आघात तरंगांचा वैद्यकीय वापर मूतखडे फोडण्यापासून सुरू झाला. १९८० साली म्युनिक येथे पहिल्या रुग्णावर तो झाला. कंडरांच्या विकारांत कितीतरी कमी ऊर्जा वापरतात आणि काही फोडणे हा हेतू नसतो. रेडियल प्रकारात दाबाखालील हवेने ढकललेला लहान दट्ट्या उपकरणाच्या टोकावर आदळतो. या लहरींचा जोर त्वचेपाशी सर्वाधिक असून खोलवर तो कमी होतो. केंद्रित प्रकारात ऊर्जा ठरावीक खोलीवर एकवटते. रुग्णाला सहसा भूल देत नाहीत, कारण नेमकी दुखरी जागा त्यानेच सांगावयाची असते. वेदना कशामुळे कमी होते, याविषयी तज्ज्ञांत एकमत नाही.

== परिणामकारकता ==
यान रॉम्पे व सहकाऱ्यांनी २००९ साली २२९ रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात घरी करावयाचे व्यायाम, स्टेरॉइडचे एक इंजेक्शन आणि रेडियल आघात तरंगांची आठवड्याच्या अंतराने तीन सत्रे यांची तुलना होती. एका महिन्यानंतर इंजेक्शन घेतलेल्यांपैकी ७५ टक्के, तर आघात तरंग घेतलेल्यांपैकी केवळ १३ टक्के रुग्णांना चांगला गुण आला होता. चार महिन्यांनी हेच प्रमाण अनुक्रमे ५१ व ६८ टक्के झाले. पंधरा महिन्यांनी आघात तरंग गटात ७४ टक्के, व्यायाम गटात ८० टक्के आणि इंजेक्शन गटात ४८ टक्के रुग्णांना आराम होता. म्हणजे हा उपचार सावकाश गुण देतो. पहिल्या महिन्यात फरक पडला नाही म्हणून तो निष्फळ ठरवणे घाईचे होईल. मात्र बिनखर्चाचा व्यायाम अखेरीस त्याच्या बरोबरीस आला, ही बाब उपचाराच्या जाहिरातींत क्वचितच आढळते. या अभ्यासात रुग्णांची विभागणी काटेकोर यादृच्छिक नव्हती, हीदेखील एक मर्यादा होय. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०११ साली उपलब्ध पुरावा अपुरा ठरवून, रुग्णाची विशेष संमती घेऊन व परिणामांची नोंद ठेवूनच हा उपचार करावा, असे सुचवले.

== दक्षता ==
उपचारानंतर त्वचा लाल होणे, किंचित सूज येणे किंवा दुखणे काही काळ वाढणे संभवते. गरोदरपण, रक्तस्रावाचा विकार, त्या जागी कर्करोगाची गाठ किंवा जंतुसंसर्ग असल्यास हा उपचार टाळतात. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास डॉक्टरांना ते आधी सांगणे आवश्यक असते.