तानसाचं पाणी आणि बाकूचं तेल

मे महिन्यात माहुलीला जाऊ नये, हे सगळे ट्रेकर सांगतात आणि तरी सगळे एकदा तरी जातात. आम्हीही गेलो. कसारा लोकल, आसनगाव, तिथून रिक्षा, नेहमीचंच. वरून तानसाचा जलाशय दिसला. उन्हाळ्यातही बऱ्यापैकी पाणी होतं. उतरल्यावर बाटल्या रिकाम्या, म्हणून एका पाड्यावर पाणी मागितलं. मावशींनी तांब्या दिला आणि म्हणाल्या, "प्या दादा, पन सांडू नका. टँकरचं हाय."

घरी आल्यावरही ते डोक्यातून जाईना. त्यात मला गेले काही महिने तेलाच्या पाइपलाइन्सच्या इतिहासाचं वेड लागलंय. ज्या देशांकडे तेल आहे, गॅस आहे, पण समुद्र नाही, ते माल बाहेर काढतात कसे? तर शेजाऱ्याच्या जमिनीतून नळ टाकून. वाचता वाचता लक्षात आलं की अरे, ही तर शहापूर आणि मुरबाडची गोष्ट! दोन्ही तालुक्यांना समुद्र नाही. माल भरपूर, फक्त तेलाऐवजी पाणी. आणि गिऱ्हाईक बसलंय समुद्राकाठी.

आधी बाकूबद्दल थोडंसं. कास्पियन म्हणायला समुद्र, पण तिथून तेलाचं जहाज थेट महासागरात काढायचं तर नीट वाट नाही. म्हणून १८८३ मध्ये बाकू ते बाटुमी रेल्वे पूर्ण झाली आणि रॉकेल टाक्यांमधून काळ्या समुद्रावर जाऊ लागलं. १८९२ मध्ये 'म्युरेक्स' नावाचं जहाज बाटुमीचं रॉकेल घेऊन सुएझमार्गे पूर्वेला निघालं. डोंगर ओलांडणारी रॉकेलची पाइपलाइन पूर्ण व्हायला १९०६ उजाडलं.

आता गंमत बघा. त्याच १८९२ मध्ये इकडे व्हाइसरॉय लॅन्सडाउनच्या हस्ते तानसाचं उद्घाटन झालं.

मुंबईने आधी घराजवळचं पाणी वापरून पाहिलं. १८६० मध्ये विहार, १८७९ मध्ये तुळशी. दोन्ही साष्टी बेटावरचे, दोन्ही लवकरच अपुरे पडले. मेजर टुलॉकने १८७० च्या दशकातच तानसाकडे बोट दाखवलं होतं, पण एवढ्या लांबून पाणी आणायचा खर्च बघून शहर कचरत होतं. शेवटी सुमारे पावणेतीन किलोमीटर लांबीची दगडी भिंत उभी राहिली आणि ४८ इंची बिडाचे नळ खाड्या ओलांडत मुंबईत शिरले. पंप कुठेही नाही! सगळा गुरुत्वाकर्षणाचा खेळ. महापालिकेच्या मोजपट्टीवर तानसा काठोकाठ भरतं १२८.६३ मीटरला, मुंबई त्याच्या बरीच खाली. उतार मिळाला की पाणी आपोआप जातं, विजेचं बिल शून्य. इंजिनिअर म्हणून मला हे डिझाइन आजही भारी वाटतं.

पण तोच उतार शेजाऱ्यांच्या मुळावर येतो. धरण दरीत असतं आणि पाडे वर, टेकाडावर. शंभर किलोमीटरवरच्या मुंबईला पाणी फुकट घसरत जातं, आणि वरच्या पाड्याला तेच पाणी चढवायला पंप, वीज आणि ती भरणारी ग्रामपंचायत लागते. नकाशावर जवळ असणं वेगळं आणि पाण्याच्या हिशोबात जवळ असणं वेगळं.

तानसानंतर रांगच लागली. १९५७ मध्ये वैतरणेवर मोडक सागर (शहराचे इंजिनिअर ना. वि. मोडक यांच्या नावाने), १९७३ मध्ये अप्पर वैतरणा, १९८१ पासून टप्प्याटप्प्याने भातसा, २०१४ मध्ये मध्य वैतरणा. मुंबईला रोज सुमारे ३८५ कोटी लिटर पाणी मिळतं, त्यात जवळजवळ निम्मं एकट्या भातसाचं. भातसाची तऱ्हा वेगळी आहे. धरण राज्य सरकारचं, पाणी नदीतून पिसे बंधाऱ्यापर्यंत जातं आणि तिथे उपसून पांजरापूरला शुद्ध होतं. म्हणून पिश्याला वीज गेली की मुंबईत पाणीकपात. मुरबाडकडच्या बारवीचं गिऱ्हाईक आणखी वेगळं. १९७२ चं एमआयडीसीचं धरण, पाणी अंबरनाथ-डोंबिवली पट्ट्यातल्या कारखान्यांना आणि शहरांना. त्याची उंची वाढली तेव्हा तोंडलीसारखी मुरबाडची गावं पाण्याखाली गेली. मात्र तिथल्या प्रकल्पग्रस्तांनी अडून बसून पैशांबरोबर नोकऱ्याही मागितल्या आणि मिळवल्या.

अडून बसणं महत्त्वाचं. दक्षिण सुदान २०११ मध्ये स्वतंत्र झाला, तेल त्याच्याकडे, पाइपलाइन आणि बंदर सुदानकडे. सुदानने एका पिंपामागे तीस डॉलरच्या वर मागितले, हे एकही द्यायला तयार नाहीत. जानेवारी २०१२ मध्ये दक्षिण सुदानने चक्क स्वतःच्या विहिरीच बंद केल्या! सरकारचं जवळजवळ सगळं उत्पन्न त्यावर, तरी वर्षाहून जास्त काळ बंद. वेडेपणा होता, पण कॉक त्यांच्या हातात होता. तुर्कमेनिस्तानचा गॅस मुख्यतः रशियाकडेच जायचा. एप्रिल २००९ मध्ये त्या लाइनमध्ये स्फोट झाला आणि रशियाची खरेदी थांबली. त्यांनी डिसेंबरपर्यंत चीनची लाइन सुरू केली. गिऱ्हाईक बदललं.

शहापूरला यातलं काहीच करता येत नाही. तानसाचं धरण, नळ आणि कॉक, तिन्ही गिऱ्हाइकाचे. आमच्या भाषेत वेंडर लॉक-इन, पण उलटं. इथे विकणाराच अडकलाय, आणि खरं तर तो 'विकणारा' तरी कुठे आहे?

मग शहापूरसाठी पाणी कुठून आणायचं ठरलं? घाटावरून. इगतपुरीजवळच्या भावली धरणातून. कारण भावली घाटमाथ्यावर आहे, म्हणजे तिथून टेकाडावरच्या गावांनाही पाणी उताराने येऊ शकतं. योजना मंजूर झाली, काम सुरू झालं. म्हणजे मुंबईला पाणी देणाऱ्या तालुक्याने पाणी आयात करायचं, नाशिक जिल्ह्यातून. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हसलो होतो. मग नकाशा काढून उंचीच्या रेषा पाहिल्या आणि हसू गेलं, कारण हिशोब बरोबर होता. १८९२ चाच हिशोब, फक्त या वेळी वरच्या टोकाला दुसरं कुणीतरी.

मुरबाडच्या काळू धरणाचं राहिलंच. २०११ मध्ये वनखात्याची मंजुरी नसताना तिथे काम सुरू झालं, श्रमिक मुक्ती संघटना कोर्टात गेली आणि २०१२ मध्ये हायकोर्टाने काम थांबवलं. म्हणजे कॉक बसवायच्या आधीच कुणीतरी हात धरला. त्यावर पुढच्या रविवारी सविस्तर लिहीन, रिलीज नसेल तर :)