आजार आटोक्यात आला, पण न्यायला कोणी येईना. मनोरुग्णांसाठीचं 'हाफ वे होम', 'ग्रुप होम' म्हणजे काय?

ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. शासनाच्या या प्रादेशिक मनोरुग्णालयांची नावं गावात बहुतेक दबक्या आवाजातच निघतात. 'त्याला येरवड्याला नेऊन टाकलं' असं म्हटलं की विषय संपतो. पण तिथं गेलेल्या अनेकांचा आजार गोळ्या-औषधांनी आटोक्यात येतो. डॉक्टर सोडायला तयार असतात, न्यायला मात्र कोणी येत नाही. दिलेला पत्ता खोटा निघतो, फोन लागत नाही, आई-बाप वारलेले असतात, भाऊ म्हणतो आमच्याकडं जागा नाही. मग चालता-बोलता माणूस वर्षानुवर्षे वॉर्डातच राहतो.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 च्या कलम 19 नुसार हे चालत नाही. घरचे नेत नाहीत, घरच नाही किंवा बाहेर राहण्याची सोय नाही, एवढ्याच कारणावरून कोणालाही मनोरुग्णालयात ठेवता येत नाही. सोय करणं सरकारचं काम आहे. हाफ वे होम म्हणजे दवाखाना आणि घर यांच्या मधला मुक्काम. स्वयंपाक, बाजारहाट, पैशाचा हिशोब, वेळेवर गोळी घेणं याची सवय तिथं परत लावली जाते. ग्रुप होममध्ये चार-पाच जण एकत्र संसार केल्यासारखे राहतात.

चेन्नईच्या 'द बॅनियन' या संस्थेचा 'होम अगेन' उपक्रम याच धर्तीवर चालतो. 1993 साली सुरू झालेली ही संस्था बेघर मनोरुग्ण महिलांसाठी काम करत आली आहे. उपक्रमात गावात किंवा शहरात साधं घर भाड्यानं घेतलं जातं. पाटी नाही, गेटवर वॉचमन नाही. कोणासोबत राहायचं हे राहणाऱ्यांनीच ठरवायचं. मदतीला एक बाई असते. ती नर्स असलीच पाहिजे असं नाही, माणसं सांभाळता आली पाहिजेत. कोणी भाजी आणतं, कोणी बाहेर कामाला जातं, सणाला पुरणपोळी होते, भांडणंही होतात. आपल्याकडं रत्नागिरीतही अशी घरं सुरू झाली.

राज्यात अशी सोय अजून फार कमी आहे. मनोरुग्णालयातून काढलेल्यांना भिक्षेकरी गृहात आणि वृद्धाश्रमात हलवल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयानं जुलै 2021 मध्ये महाराष्ट्र सरकारला फटकारलं होतं. पन्नाशीच्या आतला माणूस वृद्धाश्रमात ठेवून काय साधणार?

गावाकडं खरी गाठ बऱ्याचदा सातबाऱ्यात असते. 'तो वेडा आहे, त्याला कशाला वाटा' म्हणून वारसातून नाव गाळलं जातं. हे बेकायदेशीर आहे. हिंदू वारसा कायदा, 1956 च्या कलम 28 प्रमाणे आजारपणामुळं वारसाहक्क जात नाही. मानसिक आरोग्य कायदाही सांगतो, की घरच्यांनी टाकून दिलेल्या माणसाला स्वतःच्या घरात राहण्याचा हक्क मिळवून देण्यासाठी सरकारनं मदत करावी. त्यात वकिलाची मदतही आली. त्यासाठी जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणात साधा अर्ज द्यावा. आणि गोठ्यात साखळीनं बांधून ठेवणं, मग ते कितीही नाइलाजानं असो, कायद्यानं पूर्ण बंद आहे.

माणूस घरी आणला असेल तर एक चूक फार होते: बरं वाटलं की गोळ्या बंद. आजार उलटतो तो बहुतेक इथंच. गोळ्या कमी करायच्या की बंद करायच्या, हे डॉक्टरनंच ठरवायचं. जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग असतो, पुढचे उपचार तिथून सुरू ठेवता येतात. मानसिक आजारासाठी दिव्यांग प्रमाणपत्रही मिळतं. ते निघालं तर संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलमध्ये करता येतो. रात्री-अपरात्री अडचण आली तर 14416 या टेलि-मानस क्रमांकावर फोन करावा. सेवा मोफत असून चोवीस तास सुरू असते आणि मराठीतून बोलता येतं.