बंदुकीच्या नळीतील ताम्रलेप व त्याचे निर्मूलन : एक ऐतिहासिक आढावा (१८८६ ते २०१९)

प्रस्तावना

शस्त्रास्त्रांचा इतिहास लिहिताना शोध, कारखाने, युद्धे आणि सेनानी यांना जेवढे स्थान मिळते तेवढे शस्त्रांच्या देखभालीला मिळत नाही. तोफेचा पल्ला किती, काडतुसाचा वेग किती याची नोंद होते. मात्र ती तोफ किंवा बंदूक रोज कोण, कशाने आणि का पुसत होते, हा प्रश्न दुर्लक्षित राहतो. वस्तुतः देखभालीच्या पद्धतीत त्या काळाचे रसायनज्ञान, धातुज्ञान आणि गैरसमजही साठलेले असतात. रायफलीच्या नळीत गोळीच्या कवचाचे तांबे चिकटून जो थर तयार होतो, त्याला प्रस्तुत लेखात ‘ताम्रलेप’ असे म्हटले आहे. हा लेप निर्माण कसा झाला, तो काढण्यासाठी कोणते उपाय योजले गेले, त्यातील कोणते उपाय रोगापेक्षा भयंकर ठरले आणि अखेर प्रश्न कोठे सुटला, याचा आढावा येथे घेण्यात आला आहे.

पार्श्वभूमी : काळ्या दारूचा काळ

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत बंदुकीत काळी दारू आणि शिशाची गोळी वापरली जात असे. १८७१ मध्ये ब्रिटिश सैन्याने स्वीकारलेल्या मार्टिनी-हेन्री रायफलीच्या गोळीचा वेग सेकंदाला सुमारे १३०० फूट होता. काळ्या दारूच्या ज्वलनातून गंधक, कोळसा व क्षार यांची भरपूर काजळी नळीत साचे. परंतु ती पाण्यात विरघळत असल्याने गरम पाणी, चिंध्या व तेल एवढ्या साधनांवर काम भागे. शिशाचे कण नळीला चिकटत, तथापि गोळीभोवती कागद गुंडाळून किंवा चरबीचे वंगण लावून त्यावर बऱ्याच अंशी नियंत्रण ठेवता येत असे.

१८८४ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॉल व्हिएय याने बिनधुराची दारू तयार केली आणि १८८६ मध्ये ती वापरणारी लेबेल रायफल फ्रेंच सैन्यात दाखल झाली. गोळीचा वेग सेकंदाला दोन हजार फुटांच्या घरात गेला. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते व मुळात मऊ असते. एवढ्या वेगात ते नळीतील पेचदार खाचांना धरून फिरू शकत नव्हते. त्यामुळे शिशाच्या गाभ्यावर कठीण धातूचे कवच चढविणे अपरिहार्य झाले. या दिशेने स्वित्झर्लंडमधील एडुआर्ड रुबिन याने १८८० च्या दशकात महत्त्वाचे काम केले होते. ब्रिटनने .३०३ काडतुसासाठी सुमारे ८० टक्के तांबे व २० टक्के निकेल असा मिश्रधातू निवडला.

ताम्रलेपाचा प्रश्न येथूनच सुरू होतो. गोळी नळीतून जाताना कवचाचा पृष्ठभाग घासला जाई व धातूचे सूक्ष्म कण पोलादाला चिकटत. पहिला थर खरखरीत, म्हणून दुसरी गोळी त्यावर अधिक घासली जाई. त्यावर दारूची काजळी, तीवर पुन्हा धातू, असे एकावर एक थर बसत. तांबे-निकेलाच्या मिश्रधातूचे तर नळीच्या तोंडाजवळ गाठीसारखे उंचवटे तयार होत. परिणामी नेम बिघडे आणि थराखाली अडकलेली आर्द्रता पोलादाला गंज चढवी.

हा धोका निर्मात्यांच्या ध्यानात प्रारंभीच आला होता. १८८९ मध्ये फ्रेडरिक एबल व जेम्स ड्युअर यांनी तयार केलेल्या कॉर्डाइटमध्ये ५८ भाग नायट्रोग्लिसरीन व ३७ भाग गनकॉटन यांच्या जोडीला ५ भाग व्हॅसलीन होते. नळीला वंगण मिळून धातू कमी चिकटावा, हा त्यामागील मूळ हेतू होता. तो फारसा साध्य झाला नाही; मात्र व्हॅसलीनमुळे साठवणीत दारू अधिक स्थिर राहते, असे पुढे आढळून आले व ते टिकून राहिले.

घासणे : पहिला उपाय

ब्रिटिश सैन्यातील शिपायाजवळ एका टोकाला पितळी वजन बांधलेली दोरी असे. तिच्या दुसऱ्या टोकाच्या फाशात ४ इंच लांब व २ इंच रुंद फ्लॅनेलेटचा तुकडा घालून ती नळीतून ओढली जाई. धातूचा थर बसल्यास याच दोरीला तारेच्या जाळीची गुंडाळी लावून नळी घासली जाई. ही जाळी थर काढी, पण त्याबरोबर नळीही झिजवी. दोरी तिरपी ओढली गेल्यास नळीच्या कडेला घळ पडे व तेथून नेम कायमचा बिघडे. म्हणजे जो नेम वाचविण्यासाठी घासणे होते, त्याचाच घास अति घासण्याने घेतला जाई.

रासायनिक उपाय : अमोनियाचे द्रावण

अमेरिकेत हा प्रश्न अधिक तीव्र झाला. १९०६ साली स्वीकारलेल्या .३०-०६ काडतुसाच्या गोळीचा वेग सेकंदाला सुमारे २७०० फूट होता व कवच तांबे-निकेलाचेच होते. तेथील लष्करी शस्त्रागारांतून व नेमबाजांच्या मंडळांतून एक द्रावण रूढ झाले : एक औंस अमोनियम पर्सल्फेट, २०० ग्रेन अमोनियम कार्बोनेट, ४ औंस पाणी व २८ टक्के तीव्रतेचा ६ औंस अमोनिया.

यामागील रसायन सोपे आहे. अमोनिया एकटा शुद्ध तांब्याला विरघळवू शकत नाही. तांब्याचे आधी ऑक्सिडीकरण व्हावे लागते. हवेतील ऑक्सिजन ते काम सावकाश करतो, पर्सल्फेट ते झपाट्याने करते. ऑक्सिडीकरण झालेल्या तांब्याशी अमोनियाचे रेणू जोडले जाऊन गर्द निळे संयुग तयार होते व ते पाण्यात सहज विरघळते. आंबट पदार्थाने कळकणाऱ्या तांब्याच्या भांड्यातील हिरवा रंग मराठी घरांत परिचित आहे; बंदुकीच्या चिंधीवरील निळा रंग हा त्याच धातूचा अमोनियाशी झालेल्या संयोगाचा पुरावा होय. निळा रंग येईनासा झाला की नळी स्वच्छ झाली, ही खूण आजही पाळली जाते. अर्थात पितळी सळई किंवा ब्रश वापरल्यास त्यांतील तांब्यामुळेही चिंधी निळी होते व फसगत होते.

कृती मात्र नाजूक होती. काडतूसघराकडील बाजू बुचाने बंद करून नळीच्या तोंडावर रबरी नळीचा तुकडा बसविला जाई व द्रावण त्या रबरी नळीत वर येईपर्यंत भरले जाई. द्रावण पोलादाच्या काठाशी थांबले व सुकू लागले तर तेथे गंजाचे खड्डे पडत. ठरावीक मिनिटांनंतर ते ओतून नळी पाण्याने धुणे, कोरडी करणे व तेल लावणे, यांतील एकही पायरी चुकली तर नळी वाया जाई. साहजिकच हा उपाय कुशल हातांपुरता मर्यादित राहिला. रोजच्या वापरासाठी सौम्य द्रावके पुढे आली. १९०३ च्या सुमारास अमेरिकेत विक्रीस आलेले ‘हॉपेज नंबर ९’ हे त्यांतील सर्वांत प्रसिद्ध होय.

निदानातील चूक

या काळात एक मूलभूत गोंधळ झाला होता. नीट साफ केलेली बंदूकही काही दिवसांनी आतून गंजलेली आढळे. त्याचे खापर बिनधुराच्या दारूतील आम्लांवर आणि ताम्रलेपावर फोडले जाई. १९२२ मध्ये अमेरिकेच्या खाण विभागातील विल्बर्ट हफ यांनी खरे कारण दाखवून दिले. काडतूस पेटविणाऱ्या प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असे. त्याच्या ज्वलनातून पोटॅशियम क्लोराइड हा मिठासारखा क्षार नळीत उरे. दमट हवेत तो ओलावा शोषून घेई व पोलाद गंजे. हा क्षार तेलात विरघळत नाही; पाण्यात मात्र लगेच विरघळतो.

या निष्कर्षाने जुन्या अनुभवांचा अर्थ बदलला. अमोनियाच्या द्रावणाने गंज थांबे, तो त्यातील अमोनियामुळे नव्हे तर पाण्यामुळे. ब्रिटिश सैन्यात नळीतून उकळते पाणी ओतण्याची पद्धत होती. ती क्षार धुऊन नेत होती. तात्पर्य, कारण न समजताही एक उपाय बरोबर होता आणि कारण समजल्याच्या भ्रमात केलेले अनेक उपाय निरर्थक होते. १९२० च्या दशकाच्या अखेरीस क्षार न सोडणारे प्रायमर बाजारात आल्यावर गंज व ताम्रलेप हे दोन प्रश्न स्पष्टपणे वेगळे झाले.

प्रतिबंधाचे अपघाती प्रयोग

धातू चिकटूच नये म्हणून अमेरिकन नेमबाज गोळीला घट्ट वंगण लावीत. हे वंगण काडतूसघरात पसरले की काडतुसाचे कवच भिंतीला धरून राहत नसे व मागच्या खिट्टीवर अतिरिक्त दाब येई. १९२१ च्या राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धेसाठी फ्रँकफर्ड शस्त्रागाराने कथिलाचा मुलामा दिलेल्या गोळ्या तयार केल्या. कथिलामुळे ताम्रलेप घटला. परंतु साठवणीत कथील पितळी काडतुसाला डाग दिल्याप्रमाणे घट्ट जोडले जाई. अशा काडतुसाला वंगण लावले की दाब धोकादायक पातळीला पोहोचे. वंगण टाळण्याच्या सूचना असूनही जुनी सवय सुटली नाही आणि काही रायफली निकामी झाल्या. ज्युलियन हॅचर यांनी पुढे या प्रकरणाचे सविस्तर विवेचन केले आहे.

कथिलाचा मार्ग वेगळ्या रीतीने मात्र उपयोगी ठरला. पहिल्या महायुद्धात फ्रेंच तोफखान्याने दारूच्या भारासोबत कथील व शिसे यांचा पातळ पत्रा ठेवण्यास सुरुवात केली. गोळा डागताना हे धातू नळीतील तांब्याशी संयोग पावत व तयार झालेला ठिसूळ मिश्रधातू पुढील गोळ्याबरोबर निघून जाई. अमेरिकेत १९२० च्या दशकात रायफलीच्या दारूतच कथील मिसळण्यात आले. पुढे त्या जागी बिस्मथही वापरले गेले.

निर्णायक उपाय सर्वांत साधा निघाला. कवचातील निकेल काढून सुमारे ९० टक्के तांबे व १० टक्के जस्त असा ‘गिल्डिंग मेटल’ हा मिश्रधातू अमेरिकेने १९२२ पासून स्वीकारला. त्याचा लेप पातळ व एकसारखा बसे, गाठी होत नसत आणि सौम्य द्रावकाने तो निघे. पर्सल्फेटचे तीव्र द्रावण त्यानंतर हळूहळू प्रचारातून गेले.

भारतीय संदर्भ

ताम्र-निकेल कवचाच्या .३०३ काडतुसांचा भारताशी निकटचा संबंध होता. पुण्याजवळील खडकी येथे १८६९ मध्ये स्थापन झालेल्या दारूगोळा कारखान्यात ही काडतुसे तयार होत व त्यांच्या बुडावर ‘के. एफ.’ ही अक्षरे असत. कोलकात्याजवळील डमडम येथे १८९० च्या दशकात टोकाशी कवच नसलेली गोळी तयार झाली. शिकारीच्या गोळीचे पुढील रूप याच तत्त्वावर आधारलेले आहे. हवेतील आर्द्रता पाहता क्षारामुळे होणारा गंज येथे अधिक वेगाने होणे स्वाभाविक होते.

प्रश्नाचे पुनरागमन

विसाव्या शतकाच्या अखेरीस ताम्रलेप वेगळ्या कारणाने पुन्हा चर्चेत आला. शिकारीच्या गोळीतील शिशाचे तुकडे जनावराच्या अवशेषांत राहतात व ते खाणारे पक्षी विषबाधेने मरतात. १९८२ मध्ये अवघे २२ कॅलिफोर्निया काँडोर उरले होते. शिशाची विषबाधा हे या पक्ष्याच्या ऱ्हासाचे एक प्रमुख कारण ठरले. डायक्लोफिनॅकमुळे भारतीय गिधाडांची झालेली हानी परिचित आहे. विष वेगळे असले तरी मृत जनावराच्या मांसातून ते पोहोचण्याचा मार्ग तोच. कॅलिफोर्निया राज्याने २०१३ मध्ये कायदा करून १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या दारूगोळ्यावर संपूर्ण बंदी घातली.

शिशाला पर्याय म्हणून संपूर्ण तांब्याची गोळी पुढे आली. अमेरिकेतील बार्न्झ कंपनीने अशी गोळी १९८९ मध्ये बाजारात आणली होती. शुद्ध तांबे गिल्डिंग मेटलपेक्षा मऊ व चिकट असल्याने ताम्रलेप वाढला. २००३ मध्ये याच कंपनीने गोळीच्या अंगावर आडव्या खाचा पाडून नळीशी होणारा स्पर्श कमी केला आणि लेप घटला. येथेही उपाय सफाईच्या द्रावणात नव्हे, तर गोळीच्या घडणीत सापडला.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून तीन बाबी स्पष्ट होतात. पहिली, ताम्रलेप हा वेग वाढविण्याच्या निर्णयाचा अनपेक्षित परिणाम होता आणि त्याचा भार प्रथम सामान्य शिपायाच्या हातावर पडला. दुसरी, गंज व लेप या दोन भिन्न घटना एकच मानल्यामुळे सुमारे तीन दशके चुकीच्या दिशेने प्रयत्न झाले. घासण्याने नळ्या झिजल्या, वंगणाने रायफली निकामी झाल्या. तिसरी, प्रश्न प्रत्येक वेळी सुटला तो उगमाशी, म्हणजे कवचाचा धातू, प्रायमरचे रसायन व गोळीचा आकार बदलल्यावर. सफाई ही आवश्यक असली तरी ती निदानाची जागा घेऊ शकत नाही, हा या छोट्या इतिहासाचा निष्कर्ष शस्त्रांपुरता मर्यादित नाही. देखभालीच्या नोंदींकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहिले गेल्यास तंत्रज्ञानाच्या इतिहासातील असे अनेक दुवे उजेडात येऊ शकतील.