कॅनडाची पीआर : कुशल कामगाराचा अर्ज कसा होतो, आपल्याकडचे लोक कुठे अडकतात

शाळेच्या स्टाफरूममध्ये महिन्यातून एकदा तरी एखादा जुना विद्यार्थी किंवा त्याचे वालिद फाईल घेऊन येतात. "सर, कॅनडाचं जरा बघा ना." फाईलमध्ये बहुतेक वेळा एजंटची पावती आधी आणि मार्कशीट नंतर असते. म्हणून हा सगळा मसला एकदा लिहूनच काढायचं ठरवलं.

आधी एक फरक नीट समजून घ्या. आखातातला इकामा किंवा वर्क व्हिसा नोकरीला बांधलेला असतो. कफीलने हात वर केले की परतीचं तिकीट. पीआर, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना, कुठल्याही मालकाला बांधलेला नसतो. नोकरी बदला, शहर बदला, मुलांना सरकारी शाळेत मोफत शिकवा. ती टिकवायला ५ वर्षांत ७३० दिवस कॅनडात राहावं लागतं. पीआर म्हणजे नागरिकत्व नव्हे. त्याचा अर्ज पुढे, ५ वर्षांत १०९५ दिवस भरल्यावर करता येतो, आणि भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही हेही लक्षात असू द्या.

कुशल कामगारांचा मुख्य रस्ता म्हणजे एक्सप्रेस एंट्री. जानेवारी २०१५ पासून ही पद्धत चालू आहे. भारतातून किंवा आखातातून थेट अर्ज करणारा माणूस बहुतेक वेळा यातल्या फेडरल स्किल्ड वर्कर या प्रकारात बसतो. त्याला दोन वेगवेगळ्या हिशोबांतून जावं लागतं. लोक या दोन हिशोबांची हमखास गल्लत करतात.

पहिला हिशोब पात्रतेचा. १०० पैकी ६७ पॉइंट लागतात : भाषा २८, शिक्षण २५, अनुभव १५, वय १२, कॅनडातली ठरलेली नोकरी १० आणि तिथे रुळण्याची शक्यता १०. शिवाय गेल्या १० वर्षांत सलग एक वर्ष पूर्णवेळ कुशल काम केलेलं हवं. कुशल काम कोणतं, हे पगारावरून ठरत नाही, कॅनडाच्या व्यवसाय यादीवरून ठरतं. त्यात ० ते ५ अशा पायऱ्या आहेत, त्यातल्या ०, १, २ आणि ३ चालतात.

दुसरा हिशोब स्पर्धेचा, १२०० पॉइंटचा. ६७ वाला फक्त रांगेत उभा राहतो. रांगेतून कोणाला बोलवायचं ते या दुसऱ्या आकड्यावर ठरतं.

एक उदाहरण घेऊ. ३१ वर्षांचा अविवाहित इंजिनिअर, बीई झालेला, तीन वर्षांचा अनुभव, कॅनडात कोणी नातेवाईक नाही. आयईएलटीएसमध्ये चारही विभागांत ६ बँड मिळाले, तर पात्रतेत त्याचे होतात ६०. म्हणजे दारातूनच परत. त्याच मुलाने लिसनिंगला ८ आणि बाकी तिन्हीत ७ आणले तर होतात ६८, दार उघडलं. स्पर्धेच्या हिशोबात ६ बँडवाल्याचे साधारण ३२५ बनले असते, या दुसऱ्या निकालावर ४१८ होतात. डिग्री तीच, अनुभव तोच, ९३ पॉइंटचा फरक फक्त इंग्रजीचा. म्हणून मी प्रत्येकाला सांगतो, एजंटला पैसे देण्याआधी इंग्रजीवर सहा महिने घाला. आणि परीक्षा जनरल ट्रेनिंगची द्यायची, अकॅडमिकची नाही. ही चूक करून पूर्ण फी पाण्यात घातलेले दोघे माझ्या ओळखीचे आहेत.

आता कडू गोष्ट. ४१८ ला आज बोलावणं येणं कठीण आहे. २०२५ मध्ये कॅनडातच काम केलेल्यांसाठी जे ड्रॉ निघाले, त्यांचा कटऑफ ५०० च्या वर राहिला. पूर्वी नोकरीची ऑफर असली की जादा पॉइंट मिळायचे, ते मार्च २०२५ मध्ये काढून टाकले. त्यामुळे "ऑफर लेटर काढून देतो, पॉइंट वाढतील" असं कोणी सांगत असेल तर तो जुना माल विकतोय.

मग बाहेरून अर्ज करणाऱ्याने काय करायचं? एमई, एमटेक केलं असेल तर वरच्या मुलाचे ४५८ होतात. एखाद्या प्रांताने नॉमिनेशन दिलं तर एकदम ६०० पॉइंट मिळतात, पण प्रांत आपल्या गरजेचे धंदे बघून निवडतात. २०२३ पासून ठरावीक गटांचे वेगळे ड्रॉ निघतात : आरोग्यसेवा, कुशल कारागिरी वगैरे. २०२५ मध्ये त्यात शिक्षणक्षेत्रही आलं. (स्टाफरूममध्ये त्या आठवड्यात दुसरा विषयच नव्हता.) पण शिक्षक, नर्स, डॉक्टर यांना तिथे प्रांताचं लायसन्स वेगळं काढावं लागतं. पीआर हातात आली म्हणजे वर्गात उभं राहता येतं असं नाही.

आणि फ्रेंच. फ्रेंच येणाऱ्यांचा एक ड्रॉ मार्च २०२५ मध्ये ३७९ ला निघाला होता. त्यासाठी टीईएफ कॅनडा किंवा टीसीएफ कॅनडा या परीक्षेत चारही विभागांत ७ ची पातळी लागते. हे काही तीन महिन्यांत होत नाही, दीड-दोन वर्षं रोज बसावं लागतं. पण आपली मुलं घरात उर्दू, शाळेत मराठी, मदरशात अरबी असं करतच वाढतात. चौथी-पाचवी भाषा त्यांना इतरांइतकी परकी वाटू नये.

वयाचं गणित निर्दय आहे. अविवाहित माणसाला २० ते २९ वयात पूर्ण ११० पॉइंट, ३५ ला ७७, ४० ला ५०, ४५ ला शून्य. दुबईत पंधरा वर्षं काढून मग विचार करू म्हणणाऱ्यांनी हे आकडे बघावेत.

कागदपत्रांत आपल्या लोकांचं खास काय अडतं, ते जरा सविस्तर सांगतो.

नाव. मार्कशीटवर शेख मोहम्मद अमुक, पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी, निकाहनाम्यात आणखी तिसरंच. बायकोच्या डिग्रीवर माहेरचं नाव. डिग्री कॅनडाच्या मानाने कितीची आहे हे तपासून घ्यावं लागतं. तो अहवाल ५ वर्षं चालतो, पण नाव जुळलं नाही की तिथेच काम थांबतं. आधी पासपोर्ट दुरुस्त करा, मग परीक्षेला बसा. उलट केलं तर सगळं दोनदा करावं लागतं, आणि भाषेचा निकाल फक्त २ वर्षं चालतो.

निकाह. उर्दूतल्या निकाहनाम्याचं इंग्रजी भाषांतर लागतं. त्याशिवाय १९९८ च्या महाराष्ट्राच्या विवाह नोंदणी कायद्याखाली लग्नाची नोंद करून घ्या, ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेत होते. आखातात असलेल्या मुलाचा फोनवर निकाह लावला असेल तर मोठी अडचण आहे. फोनवरून, इंटरनेटवरून किंवा वकिलामार्फत लागलेलं, म्हणजे दोघांपैकी एकजण हजर नसलेलं लग्न २०१५ पासून कॅनडा इमिग्रेशनसाठी मानत नाही. इथे शरीअतमध्ये काय जायज आहे हा प्रश्न नाही, त्यांचा नियम वेगळा आहे. दोन बायका असतील तरी एकच धरली जाते.

अनुभवपत्र. सौदीत हजारो मुलं इकाम्यावर "लेबर" आणि प्रत्यक्षात इलेक्ट्रिशियन. नुसतं "यांनी आमच्याकडे काम केलं, वागणूक चांगली" चालत नाही. लेटरहेडवर पद, कामाचं स्वरूप, तारखा, आठवड्याचे तास, पगार आणि साहेबाची सही हवी. कंपनी सोडायच्या आधीच मागून घ्या. नंतर फोन कोणी उचलत नाही.

पोलीस दाखला. भारताचा तर लागतोच, पण गेल्या १० वर्षांत ज्या ज्या देशात सलग ६ महिने राहिलात त्या प्रत्येकाचा लागतो. आखातातला दाखला तिथे असतानाच काढणं सोपं. गावी येऊन बसल्यावर वकिलाती आणि कुरिअरचे फेरे सुरू होतात.

पैसा. २०२५ च्या आकड्यांनुसार एकट्या माणसाच्या खात्यात सुमारे १५,३०० कॅनडियन डॉलर आणि चौघांच्या कुटुंबासाठी सुमारे २८,४०० दाखवावे लागतात. आकडा दरवर्षी बदलतो. उसने चालत नाहीत, आणि गावची कलमांची बाग नाहीतर अम्मीचे दागिने यात धरत नाहीत. बँकेच्या पत्रात गेल्या सहा महिन्यांची सरासरी शिल्लक आणि तुमचं कर्ज दोन्ही लिहून येतं, त्यामुळे चाचाकडून पंधरा दिवसांसाठी घेतलेले लाख लगेच उघडे पडतात.

बोलावणं आल्यावर अर्ज भरायला फक्त ६० दिवस मिळतात. वरच्यापैकी बरंचसं त्याआधी तयार नसेल तर ते दिवस भुर्रकन जातात. ऑगस्ट २०२५ पासून मेडिकलही अर्जासोबतच जोडावी लागते. ३० एप्रिल २०२४ ला लागू झालेल्या दरांनुसार सरकारी फी मोठ्या माणसाला १५२५ डॉलर, मुलाला २६०, बोटांचे ठसे कुटुंबाला जास्तीत जास्त १७० अशी होती. त्या दराने नवरा-बायको आणि दोन मुलं मिळून ३७४० डॉलर व्हायचे. रांगेत नाव घालायला मात्र एक पैसाही लागत नाही. त्याचे एजंट लाख-दीड लाख घेतात.

फॉर्म स्वतः भरता येतो. मदत हवीच असेल तर पैसे घेऊन सल्ला देण्याचा अधिकार कॅनडाच्या वकिलांना आणि तिथल्या कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सच्या परवानाधारकांना आहे. त्यांची यादी इंटरनेटवर उघडी असते, नाव टाकून बघा. माझ्या एका विद्यार्थ्याला मुंबईतल्या एका एजंटने दोन वर्षांचं खोटं अनुभवपत्र करून दिलं. मुलाला वाटलं, सगळेच करतात. खोटी माहिती ठरली की ५ वर्षांची बंदी लागते, आणि ती एजंटवर नाही, अर्जदारावर. तो आता ३४ चा आहे. बंदी उठेल तेव्हा ३८ चा असेल, वरचा वयाचा हिशोब त्याने स्वतःच मला करून दाखवला.

घरातलं कोणीही लपवू नका. सोबत येणार नसलेली बायको, २२ च्या आतली मुलं, सगळ्यांची नावं लिहायची. आज वगळलेल्या मुलाला उद्या बोलावता येत नाही. आईवडील या अर्जात येत नाहीत. त्यांच्यासाठी नंतर सुपर व्हिसा असतो, त्यावर एका वेळी ५ वर्षांपर्यंत राहता येतं, मात्र मुलाचं तिथलं ठरावीक उत्पन्न आणि आईवडिलांचा मेडिकल विमा दाखवावा लागतो.