गोरेगावातून आलेला ‘टेम्पो’: कंपनीचं नाव गावोगावच्या गाडीचं नाव कसं झालं?

कांद्याच्या गोणी मार्केटला न्यायच्यात, मांडवाचं सामान आणायचंय, घर बदलायचंय, गणपती आणायचाय. काम कोणतंही असो, गावात वाक्य एकच: “टेम्पो सांगून ठेव.” दारात येणारी गाडी टाटाची असेल, महिंद्राची असेल नाहीतर अशोक लेलँडची, तरी ती टेम्पोच. पण टेम्पो हे मुळात गाडीच्या प्रकाराचं नाव नव्हतंच. ते जर्मनीतल्या एका कारखान्याच्या गाड्यांचं नाव. आणि आपल्याकडे ते आलं मुंबई उपनगरातल्या गोरेगावातून.

जर्मनीत हॅम्बुर्गजवळ विडाल बाप-लेकांची कंपनी होती. ती १९२० च्या दशकापासून ‘टेम्पो’ नावाने मालवाहू तीनचाकी बनवायची. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे पैशाची चणचण होती. दुकानदार, बेकरीवाले, भाजीवाले यांना मोठा ट्रक परवडत नव्हता. त्यांच्यासाठी कंपनीने ‘हॅन्सिॲट’ काढली. पुढे एकच चाक, इंजिन पुढे, गाडी ओढणारंही तेच पुढचं चाक आणि मागे पाऊण टनाच्या आसपास माल. जर्मनीत तिचं उत्पादन १९५६ पर्यंत चाललं. पुढे लोकांकडे पैसा आला, चारचाकी परवडू लागली आणि तिथे तीनचाकी मागे पडली. आपल्याकडे मात्र तिचं खरं आयुष्य त्यानंतर सुरू झालं.

ती इथे आणली नवलमल फिरोदिया यांनी. अहमदनगरचा, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचा हा माणूस. वडील कुंदनमल फिरोदिया मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. नवलमल स्वतः वकील, १९४२ च्या आंदोलनात तुरुंगात गेलेले. माणसाने माणसाला ओढायची ही पद्धत बंद व्हावी म्हणून त्यांनी ऑटोरिक्षासाठी खटपट केली, हे अनेकांना माहीत आहे. टेम्पोमागेही तेच होते, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही. १९५८ मध्ये त्यांनी विडाल कंपनीशी करार करून गोरेगावात हॅन्सिॲटचं उत्पादन सुरू केलं. बजाज समूहाची भागीदारी आली आणि कंपनीचं नाव झालं बजाज टेम्पो.

तेव्हाचं उपनगर आजच्यासारखं टॉवर आणि मॉलचं नव्हतं. कुर्ल्यात प्रीमियर ऑटोमोबाइल्स होती, पुढे कांदिवलीत महिंद्राचे ट्रॅक्टर बनू लागले. वाहन उद्योगाची सुरुवात या पट्ट्यात झाली, पण वाढ झाली घाटाच्या वर. बजाज टेम्पोचंही तसंच झालं. १९६४ च्या सुमारास कंपनी पुण्याजवळ आकुर्डीला गेली आणि तिथे ‘वायकिंग’ ही चारचाकी निघाली.

बैलगाडी आणि ट्रक यांच्या मधली गाडी

त्या काळी शेतकऱ्यापुढे दोनच पर्याय होते. एक तर बैलगाडी. ती जवळच्या बाजारापुरती. नाहीतर ट्रक, आणि ट्रक भरायचा तर चार-पाच जणांचा माल एकत्र करावा लागायचा. ट्रक भरेपर्यंत तोडलेली भाजी थांबत नाही, दूध तर नाहीच. टेम्पोने ही अडचण सोडवली. एकट्याचा माल, एकट्याचं भाडं, हव्या त्या दिवशी. माल कधी विकायचा हे थोडंफार शेतकऱ्याच्या हातात आलं, ते अशा छोट्या गाडीमुळे.

१९६९ मध्ये आली ‘मॅटाडोर’. गावातली मोठी माणसं आजही तिला मेटाडोरच म्हणतात. स्पॅनिश भाषेत मॅटाडोर म्हणजे बैलाशी झुंजणारा. बैलगाडीच्या मुलुखात हे नाव फिट बसलं, योगायोगानेच म्हणा. ही गाडीही मूळ विडाल घराण्यातली. हिच्यात इंजिन पुढे आणि ओढणारी चाकंही पुढची. त्यामुळे मागे जाणारा लोखंडी शाफ्ट नाही आणि पाटा सपाट, जमिनीपासून कमी उंचीचा. पेशंटला स्ट्रेचरसकट आत ठेवा, दुधाचे कॅन चढवा, शाळेची पोरं बसवा, सगळं सोपं. म्हणून एकाच गाडीच्या रुग्णवाहिका झाल्या, शाळेच्या गाड्या झाल्या, मालाच्या व्हॅनही झाल्या. खोटही त्यातच होती. मागे वजन जास्त झालं की घाटात पुढची चाकं हलकी पडायची आणि ओल्या चढावर जागीच फिरायची.

१९८० च्या दशकात मर्सिडीजचं २.४ लिटरचं डिझेल इंजिन आलं. १९८७ मध्ये मर्सिडीजच्याच व्हॅनवर बेतलेली ‘ट्रॅव्हलर’ आली, तीही मध्य प्रदेशातल्या पीथमपूरच्या कारखान्यातून. पाठोपाठ ‘ट्रॅक्स’. कोल्हापूर, सातारा, सांगलीकडे वडाप म्हणा, विदर्भात काळीपिवळी म्हणा, एसटी पोहोचत नव्हती तिथे माणसं नेली ती ट्रॅक्स आणि जीपने. १९९० च्या दशकात ‘मिनीडोर’ आली, पुण्याकडची सहा आसनी रिक्षा तीच. ट्रॅव्हलर अजून चालू आहे, आज फिरणाऱ्या अनेक रुग्णवाहिका तिच्याच आहेत. मॅटाडोर आणि जुनी हॅन्सिॲट मात्र २००० च्या आसपास थांबल्या. जर्मनीत सात वर्षं बनलेली तीनचाकी आपल्याकडे चाळीस वर्षं बनत राहिली.

नाव गेलं, शब्द राहिला

२००५ मध्ये बजाज टेम्पोचं नाव बदलून फोर्स मोटर्स झालं. म्हणजे ज्या कंपनीने हा शब्द आणला, तिच्या पाटीवरून टेम्पो गेला. त्याच वर्षी मे महिन्यात टाटाने ‘एस’ बाजारात आणली. पुण्यात गिरीश वाघ यांच्या टीमने ती बनवली. दोन सिलिंडरचं ७०२ सीसी डिझेल इंजिन, पाऊण टन माल, किंमत सव्वादोन लाखांच्या आसपास. पाऊण टन म्हणजे हॅन्सिॲटएवढंच, पण चार चाकांवर. गाडी बनवण्याआधी टीमने तीनचाकीवाल्यांना गाठून त्यांच्या अडचणी विचारल्या होत्या. लोकांनी तिला ‘छोटा हत्ती’ म्हटलं, आणि भाड्याने सांगताना पुन्हा टेम्पोच.

टेम्पो घेणाऱ्यांनी आणि चालवणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली लायसनची. एलएमव्ही लायसनवर मालाचा टेम्पो चालवता येतो का, यावर बरीच वर्षं वाद होता आणि अपघातानंतर विमा कंपन्या त्यावरून क्लेम अडवायच्या. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी हा वाद मिटवला. गाडी आणि माल मिळून एकूण वजन ७,५०० किलोच्या आत असेल तर एलएमव्ही लायसन चालतं. वजनाचा आकडा आरसी बुकात असतो, गाडी हातात घेण्याआधी तो बघा.

दुसरी गोष्ट माणसं बसवण्याची. मालाच्या टेम्पोत मालासोबत मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत माणूस बसला असेल, तर त्याला विम्याचं संरक्षण आहे. मोटार वाहन कायद्यात १९९४ मध्ये तशी दुरुस्ती झाली. पण वऱ्हाड, जत्रेला निघालेली मंडळी, वाटेत हात दाखवून बसलेली माणसं यांना ते मिळत नाही. मालाच्या गाडीत बसलेल्या अशा प्रवाशांची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधील नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितलंय. अपघात झाला तर भरपाईचा बोजा गाडीमालकावर येतो, आणि आपल्याकडे तो मालक बहुतेक वेळा कर्जावर एकच टेम्पो घेतलेला गावातलाच पोरगा असतो.