शून्याचा लॉग निघत नाही



मागच्या रविवारी येरवड्याच्या विहारात आपली अभ्यास-बैठक झाली. तिथे आपल्याच एका कार्यकर्त्याने लॅपटॉप उघडून दोन आलेख दाखवले. तो हिंजवडीत डेटाचं काम करतो. जिल्ह्यातल्या काही गावांत आपण घरोघरी फिरून जे फॉर्म भरले होते, त्यांची फाइल त्याच्याकडे दिली होती. पहिला आलेख जमिनीच्या रकान्याचा होता: डाव्या टोकाला उंच ढीग आणि उजवीकडे दूरवर गेलेली बारीक शेपटी. दुसरा आलेख मात्र मधोमध फुगलेली सुबक घंटा. तो म्हणाला, "ताई, डेटा फार स्क्यूड होता. लॉग घेतला, आता नॉर्मल झालाय."

मी विचारलं, "यात भूमिहीन कुठे आहेत?"

तो थोडा थांबला. "त्यांच्या जागी मायनस इन्फिनिटी येत होतं. पुढचा कोड अडत होता. म्हणून त्या ओळी काढल्या."

या मुलाचे आजोबा 1964 च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आले आहेत. नातवाने एका ओळीच्या कोडने भूमिहीनांनाच फाइलबाहेर काढलं, आणि तेही कुठलाही वाईट हेतू नसताना. मी त्याला दोष देत नाही. क्लासमध्ये असंच शिकवतात: डेटा एका बाजूला कललेला असेल तर लॉग घ्या, वर्गमूळ घ्या, नाहीतर बॉक्स-कॉक्स लावा. पण हे कुठून आलं, कोणत्या गरजेतून आलं आणि आपल्या वस्तीच्या आकड्यांना लावलं की काय होतं, हे आपण समजून घेतलं पाहिजे. आपली बरीच मुलं आता याच कामात आहेत.

योगायोग असा की हा मुलगा पिंपळे सौदागरला भाड्याने राहतो. आज तिथे टॉवर, मॉल आणि आयटीवाल्यांच्या सोसायट्या आहेत. शंभर वर्षांपूर्वी याच गावात देशातली एक गाजलेली गाव-पाहणी झाली होती. पुण्याच्या शेती कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी गावातला प्रत्येक तुकडा मोजला आणि 1917 मध्ये पुस्तक काढलं. त्यांनी दिलेली सरासरी धारणा अशी: 1771 मध्ये 40 एकर, 1818 मध्ये साडेसतरा, 1820 ते 1840 च्या काळात 14, आणि 1914-15 मध्ये 7 एकर. अर्थशास्त्राच्या जुन्या पाठ्यपुस्तकांत हे आकडे हमखास सापडतात.

पण मान सरासरी सांगून थांबले नाहीत. 156 खातेदार, त्यांचे 729 तुकडे. त्यातले 463 तुकडे एक एकराहून लहान, आणि 112 तर पाव एकराहूनही लहान. आता हिशेब करा. 156 जणांना सरासरी 7 एकर धरले तर 729 तुकड्यांत एका तुकड्याला साधारण दीड एकर येतो. प्रत्यक्षात मात्र शंभरातले 63 तुकडे एक एकराच्या आत. म्हणजे तुकडे आकाराने ओळीत लावले तर मधला तुकडा एकराहून लहान आणि सरासरी दीड एकर. थोड्या मोठ्या तुकड्यांनी सरासरी वर ओढली. यालाच स्क्यूनेस म्हणतात. हिंदीतल्या संख्याशास्त्राच्या पुस्तकांत याला शब्द आहे 'विषमता'. आपण मोर्च्यात जो शब्द ओरडतो तोच.

मान यांना अस्पृश्यांचा प्रश्न दिसत नव्हता असंही नाही. पुण्यातल्या अस्पृश्य जातींवर त्यांनी 1912 मध्येच लेख लिहिला होता. पण 7 एकर ही सरासरी खातेदारांची आहे. ज्याचं खातंच नाही तो भागाकारात येतच नाही.

पुढच्याच वर्षी, 1918 मध्ये, बाबासाहेबांचा भारतातल्या लहान धारणांवरचा लेख प्रसिद्ध झाला. तेव्हा सगळे तज्ज्ञ एकच रड गात होते: तुकडे फार लहान झाले, ते एकत्र करा, मोठे करा. बाबासाहेबांनी उलट प्रश्न विचारला. नुसत्या एकरांवरून धारणा परवडणारी की न परवडणारी हे ठरतं का? तिच्यावर किती माणसं बसली आहेत, बैल-अवजारं किती, भांडवल किती, हे पाहायला नको का? जमिनीवर जगणाऱ्या जादा माणसांना काम कुठे मिळणार, हा त्यांचा मुद्दा होता, आणि त्यांचं उत्तर औद्योगिकीकरण हे होतं. तक्त्यात जो रकानाच नाही त्याच्याबद्दल प्रश्न विचारणं, ही सवय मला या लेखात सर्वांत मोलाची वाटते. एमए करताना संशोधनपद्धतीच्या तासाला हा लेख कुणी नावापुरताही काढला नाही, ते जाऊ द्या.

आता या घंटेच्या आकाराकडे येऊ. बेल्जियमचा केटले हा खगोलशास्त्रज्ञ. ताऱ्यांची जागा मोजताना होणाऱ्या चुका ज्या वक्ररेषेत बसतात, तीच त्याने माणसांना लावली आणि 1835 मध्ये 'सरासरी माणूस' ही कल्पना मांडली. ताऱ्याची खरी जागा एक असते, बाकी सगळ्या चुका. माणसांच्या बाबतीत हे मान्य केलं की मधला माणूस खरा ठरतो आणि कडेचा माणूस चूक ठरतो. पुढे इंग्लंडमध्ये गाल्टनने हीच रेषा अकलेला आणि वंशाला लावली आणि 1883 मध्ये सुप्रजननशास्त्राला नाव दिलं. त्याचा वारसदार कार्ल पिअर्सन याने 'नॉर्मल' हे नाव रुळवलं. 1920 मध्ये त्यानेच लिहून ठेवलं की या नावामुळे बाकी सगळी वितरणं 'अ‍ॅबनॉर्मल' आहेत असा लोकांचा समज होतो. उशिरा सुचलं, पण सुचलं. मराठीत आपण 'प्रसामान्य' म्हणतो, तिथेही तीच गोम.

कललेला डेटा सरळ करण्याची युक्तीही गाल्टनच्याच काळातली. 1879 मध्ये गाल्टन आणि मॅकअ‍ॅलिस्टर यांनी दाखवलं की काही गोष्टी बेरजेने वाढत नाहीत, गुणाकाराने वाढतात. संपत्ती तशीच आहे: पैशाकडे पैसा जातो. अशा आकड्यांचा लॉग घेतला की गुणाकाराची बेरीज होते. 1, 10, 100 चे होतात 0, 1, 2. लांब शेपटी आत ओढली जाते आणि घंटा दिसू लागते. पुढे बॉक्स आणि कॉक्स या दोघांनी 1964 मध्ये लॉग, वर्गमूळ वगैरे सगळ्यांना एकाच सूत्रात बसवलं. कोणती घात घ्यायची ते डेटाच सांगतो. आज पायथनमध्ये ते एका ओळीत होतं. हे सूत्रही फक्त शून्याहून मोठ्या आकड्यांनाच चालतं. त्याच 1964 च्या डिसेंबरात दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाचा भूमिहीन सत्याग्रह सुरू झाला आणि देशभरात लाखो लोकांनी अटक करून घेतली. ज्यांचा आकडा शून्य होता, ते लोक.

कुणी म्हणेल, मग हे शास्त्रच गाल्टनवाल्यांचं, फेकून द्या. मला ते पटत नाही. रिस्लेने 1891 मध्ये नाकं मोजून जातीची उतरंड वंशावर बसवली. बाबासाहेबांनी 'द अनटचेबल्स' या 1948 च्या ग्रंथात त्याच नाकांच्या मापांचे तक्ते हातात घेतले आणि ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे आहेत हा दावा त्यांच्याच आकड्यांनी खोडला. हत्यार कुणी घडवलं यापेक्षा ते आपल्याला चालवता येतं की नाही, हे बघावं.

तर शून्य. शून्याचा लॉग निघत नाही, कारण दहाचा कितीही उणे घात घ्या, शून्य येतच नाही. यावर क्लासमध्ये दुसरा उपाय सांगतात: आधी सगळ्यांत 1 मिळवा, मग लॉग घ्या. बैठकीत एकाने हेच सुचवलं. ऐकायला निरुपद्रवी आहे. पण 1 म्हणजे काय, एक एकर की एक गुंठा?

तिथेच फळ्यावर आम्ही तीन माणसं मांडली: एक भूमिहीन, एक एकरवाला, एक 40 एकरवाला. रकाना एकरात ठेवला तर भूमिहीन आणि एकरवाला यांच्यातलं अंतर येतं 0.69, आणि एकरवाला ते 40 एकरवाला अंतर 3.02. आता तोच रकाना गुंठ्यात करा. 40 गुंठ्यांचा एकर. पहिलं अंतर होतं 3.71 आणि दुसरं 3.66. गाव तेच, माणसं तीच, जमीन तीच. एकरात मोजलं तर भूमिहीन माणूस एकरवाल्याच्या शेजारी जाऊन बसतो, गुंठ्यात मोजलं तर दोघांमधली दरी एकरवाला आणि बागायतदार यांच्यातल्या दरीहून मोठी. यातलं खरं कोणतं, हे कोड सांगणार नाही. ते 1 मिळवणाऱ्याने, बहुतेक वेळा विचार न करता, आधीच ठरवलेलं असतं.

दुसऱ्या टोकाची गंमत वेगळी आहे. 1958 च्या कायद्याने महार वतनं रद्द झाली. ठरलेली रक्कम भरून त्या जमिनी पुन्हा नावावर करून घ्यायच्या होत्या आणि त्या विकण्या-देण्यावर बंधन होतं. अशा जमिनीच्या सातबाऱ्यावर नावांची रांग असते. एकेकाच्या वाट्याला दोन-दोन गुंठे. दोन गुंठे म्हणजे 0.05 एकर, त्याचा लॉग येतो उणे 3. मूळ आलेखात हा माणूस ढिगात इतरांसोबत होता. लॉग घेतल्यावर तो डावीकडे एकटा फेकला जातो आणि मग कोड त्याच्यावर आउटलायरची खूण करतो. पुढची ओळ आउटलायर काढण्याची असतेच. म्हणजे आधी भूमिहीन गेला, मग वतनदार गेला. घंटा आणखी सुबक झाली.

सरकारी आकड्यांतही हीच खोच आहे. देशाची कृषी गणना वहितीखालची धारणा मोजते. 2015-16 ला सरासरी धारणा 1.08 हेक्टर, अनुसूचित जातींकडे सुमारे 12 टक्के धारणा आणि 9 टक्क्यांहूनही कमी क्षेत्र, तर 2011 च्या जनगणनेत आपली लोकसंख्या 16.6 टक्के. हे अंतर दिसतं ते ज्यांच्याकडे काहीतरी जमीन आहे त्यांच्यामुळे. ज्यांच्याकडे काहीच नाही ते या मोजणीच्या दारातच उभे राहतात. बाबासाहेबांनी 1947 मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये शेतीच्या राष्ट्रीयीकरणाची योजना लिहिली तेव्हा जमीनदार आणि कूळ यांच्याबरोबर भूमिहीन मजूर हा वर्गही वेगळा नाव घेऊन लिहिला: तो उरताच कामा नये म्हणून.

मग त्या फाइलचं काय करायचं? रूपांतर हे पाप नाही. पण पहिली गोष्ट, रकाना प्रसामान्य असलाच पाहिजे हा नियम मुळात नाही. रिग्रेशनला अपेक्षा असते ती मॉडेलच्या उरलेल्या चुका तशा असाव्यात अशी, तीही सगळ्या कामांसाठी नाही. दुसरं, शून्य हा लहान आकडा नाही, तो वेगळा प्रश्न आहे. म्हणून प्रश्न दोन करावेत. घराकडे जमीन आहे की नाही, याचं हो-नाहीचं मॉडेल सगळ्या घरांवर. जमीन असेल तर किती, याचं मॉडेल फक्त जमीनवाल्यांवर; तिथे लॉग खुशाल घ्या. आणि लॉगची सरासरी उलटी फिरवून जो आकडा येतो तो साधी सरासरी नसते, गुणोत्तर मध्य असतो आणि तो कमीच येतो, हे अहवालात लिहा. सरासरीशेजारी मध्यक द्या. आणि कोणत्याही आलेखाखाली किती ओळी काढल्या, कोणत्या आणि का, ही ओळ हवीच.

रात्री साडेनऊला विहार बंद करायची वेळ झाली तेव्हा त्याने काढलेल्या ओळी परत आणल्या होत्या. पहिल्या आलेखात आता शून्यावर एकच खांब उभा होता, बाकी सगळ्यांपेक्षा उंच. जातीचा रकाना अजून त्याला जोडायचा आहे. पुढच्या रविवारी तेवढंच काम घेऊ. ज्यांना पायथन येतं त्यांनी लॅपटॉप आणावा; ज्यांना येत नाही त्यांनी आपल्या घरचा सातबारा आणावा, आणि ज्यांच्याकडे सातबाराच नाही त्यांनी तर नक्की यावं.